तुळशीपाशी चिंचेची फांदी

आवडी, मद्रासजवळ,
२४ नोव्हेंबर १९६१

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल, तूही तिकडे तंजावरात सगळ्यांना धाकात ठेवून खुशालच असशील.

पाऊस उघडलाय. अक्का, आमच्या क्वार्टर्सची बाग आता पाहायला हवीस! ओली माती, कनकांबरांना बहर, आणि चारनंतर केळीच्या पानांतून असं पिवळं ऊन येतं की घरात पाय ठरत नाही. भात चुलीवर ठेवते, बाहेर येते; आत जाते, पुन्हा बाहेर. हे म्हणतात, "सुंदरा, पायांना चाकं लावलीस का?" परवा भात करपला. करपू दे मेला.

दिवाळीला वाफ्यांच्या कडेने पणत्या लावल्या होत्या. प्रत्येक ज्योतीभोवती रंगीत कडं! शेजारच्या सरोजामामींना म्हटलं, बघा की! त्या म्हणाल्या, कुठलं कडं? मी विषय बदलला.

तुळशीचं लग्न मात्र गाजलं. दरवर्षीसारखी आवळ्याची फांदी मीच तोडून आणली, वृंदावनात तुळशीशेजारी नवरा म्हणून खोवली, हळदकुंकू वाहिलं. फांदीला एकही आवळा नव्हता, म्हटलं पोपटांनी नेले असतील. ऐन आरतीत मामी ओरडल्या, "अय्यो, ही तर चिंच!" कुंपणावरून आत आलेली चिंच तोडून मी तुळशीचं लग्न तिच्याशी लावून मोकळी झाले होते! बायका पोट धरधरून हसल्या. मीही हसले. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा टाकून ह्यांनी मला मद्रासला, एग्मोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

आता तुला कळलंच असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय, तो येत्या गुरुवारी काढायचा म्हणतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवतात, मान हलवायची नाही. आणि हे मला! जिला भात शिजेपर्यंत बसवत नाही!

वाळूची भीती नाही ग. आई "दुधातून बघतेय" म्हणायची ना, तसंच मला हे ऊन दिसतं. आणि डोळा कापल्यावर आईला ते दूधही दिसेनासं झालं. तूच होतीस तिच्यापाशी. तेव्हा म्हणालीस, आपल्यापैकी कुणी डोळ्याला सुरी लावून घ्यायची नाही. म्हणून तर इतके दिवस तुला कळवलं नाही. हे म्हणतात, काळ बदललाय. डॉक्टर म्हणतात, थांबलात तर आहे तेही जाईल. मी हो म्हटलंय, अक्का. म्हटलं खरं, पण तेव्हापासून जिवाला थारा नाही. बागेत येरझारा घालते आणि दिसेल तेवढं पाहून घेते. मला फार भीती वाटते.

रागाव हवं तर, पण ये. बुधवारच्या आत ये. पट्टी सुटली की मला बागेत ने. एक फांदी आवळ्याची तोड, एक चिंचेची. हातात देऊ नकोस, वासावरून ओळखीन मी. लांब उभी राहा आणि विचार, कुठली कोणती. चुकले तर काही बोलू नकोस. हात धरून मला घरात ने, झालं.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सांभाळून वाच.

फाटकाकडे डोळे लावून बसलेली,
तुझी सुंदरा