आप्पांच्या गिटारची मान

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
रंधे, पटाशा, कानशी कालच घासूनपुसून ठेवल्या होत्या. सकाळी झेंडू वाहिला. हत्यारांशेजारी गिटारी, ओळीनं. मी केलेली प्रत्येक गिटार या दिवशी माहेरी येते आणि दसऱ्याला तारांत आपट्याचं पान खोचून सासरी जाते. चर्चमध्ये वाजवणारी सुवार्ता नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर. मी तिच्या गिटारला हळदकुंकू लावलं, तिनं डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली, मग दोघींनी चहा घेतला.

यंदा अकरा आल्या. बारावी आली नाही. राहू गावच्या दत्ताआप्पांची, म्हणजे माझी पहिलीच. राहूहून आमचं शिरूर काही लंकेत नाही. दोनपर्यंत वाट पाहिली. फोन केला नाही.
ह्यांनी विचारलं, "आप्पांचं काय?"
"कामात असतील."

२ ऑक्टो., दसरा
गिटार न्यायला आलेली सुवार्ता घुटमळली. "कुसुमताई, रागावू नका, पण हे बघा." मोबाइलवर राहूचं भजन. पखवाज, टाळ, आणि मधे आप्पा. मांडीवर दुकानातली काळी चकचकीत गिटार.
हसून म्हटलं, छान आहे. सुवार्ता गेल्यावर आत जाऊन रडले. खोटं कशाला लिहू.

सोळा वर्षं झाली. बाईमाणसानं केलेली गिटार कोण घेणार म्हणून माझ्या वडलांनी, आबांनीही कपाळाला हात लावला होता. तेव्हा हा उसाचा बागायतदार फटफटीवरून आला. तरुणपणी दौंडच्या रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांकडे गिटार शिकलेला. म्हणाला, "मला एक कर पोरी. वाजली न्हाई तर खुंटीला अडकवंन." त्या एका वाक्यावर माझं दुकान उभं राहिलं. आणि आता हे.

५ ऑक्टो.
दोन ब्रिज, तारा अडकवायच्या पट्ट्या, फुकट घालवले. शिसवाचे. तिसरा हातात घेतला तर ह्यांनी काढून घेतला. "आप्पांनी सवत आणली, त्यात लाकडाचा काय गुन्हा?"
जेवणात मीठ जास्त पडलं, तेही मुकाट्यानं खाल्लं बिचाऱ्यांनी.

९ ऑक्टो., गुरुवार
ह्यांनी शेवटी स्कूटरवर बसवलंच. "तोंडावर भांडून ये, नाहीतर माझी धडगत नाही." न्हावरा, मग पारगावचा पूल, मग राहू. वाटेत मनात भाषण तयार केलं. चांगलं लांबलचक.

आप्पा ओशाळले. चहा सांगितला, यंदाच्या उसाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. माझी गिटार खुंटीला, धुतलेल्या धोतरात गुंडाळून. ते धोतर बघून भाषण निम्मं विसरले.

मग चहा आला. आप्पांनी कप दोन्ही हातांनी धरला. डाव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. सांधे सुजून सुपारीएवढे.
"आप्पा, हे कधीपासून?"
"तीन वर्सं झाली. तुझ्या गिटारची मान मुठीत मावत न्हाई आता. ती दुकानातली बारीक हाय म्हून आणली."
"मग सांगायचं ना!"
"काय सांगू? तुझी पहिली. तुला काय वाटंल?"
"आणि आला नाहीत तेव्हा काय वाटलं असेल?"
हे मधेच म्हणाले, चहा निवतोय. निवू दे म्हटलं.

येताना गिटार मांडीवर घेऊन आले. राग आप्पांवरचा उतरला तो माझ्यावर चढला. याआधीची तीनही वर्षं खंडेनवमीला ते गिटार घेऊन आले होते. दरवेळी मी विचारलं, कशी वाजते? ते म्हणाले, एक नंबर. मी तारा बदलल्या, पॉलिश मारलं, कुंकू लावलं. समोर बसवून वाजवा मात्र एकदाही म्हटलं नाही. लाकडाची पूजा केली आणि हात बघायचा राहिला. एवढी मोठी कारागीर!

१० ऑक्टो.
आप्पांना बोलावून घेतलं. मी गिटार करायच्या आधी वाजवणाऱ्याचा डावा हात खाकी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवते, त्या मापानं मान घडवते. आज आप्पांचा हात पुन्हा काढला. सोळा वर्षांपूर्वीचा कागद शेजारी ठेवला.

मान बारीक करावी लागणार. पण मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, मान वाकू नये म्हणून. ती किती खोल बसवली ते मी आता लिहून ठेवते. पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं. वर दोन सूत, म्हणजे पाव इंच, लाकूड असेल, नाहीतर अर्धंच. सळई उघडी पडली तर मान गेली.
म्हटलं, "नवी मान बसवते."
"डोकं एकाचं आन् धड दुसऱ्याचं गणपतीला शोभतं. ह्येच बघ काय हुतंय का."

१४ ऑक्टो.
सुरुवात केली. रंधा नाही, नुसती खरवडपट्टी. चार हात मारायचे, बोटानं टकटक करून ऐकायचं, पुन्हा चार हात. सागवान जुन्या तुळईचं, चिवट. ह्यांनी रेडिओ लावला, मी बंद करायला लावला. दिवसभरात अर्धं सूत गेलं असेल. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे; पाचव्या पडद्यामागे आवाज पोकळ येतो, तिथे फारसा हात लावला नाही.

१८ ऑक्टो.
पॉलिश वाळलं. आप्पा आले, गिटार मांडीवर घेतली, दोन-तीन कॉर्ड धरले. बोटं हळू पडली, पण पडली.
"एक नंबर," म्हणाले.
या दोन शब्दांवर आता माझा काडीचा विश्वास नाही. विचारलं, खरं सांगा. "खरंच की." गेले घेऊन. पाडव्याला पहाटे भजन आहे. कोणती नेतील?

२३ ऑक्टो., भाऊबीज
पाडवा झाला. राहूकडून काही नाही. मी फोन करणार नाही असं ठरवलंय. काल पण ठरवलं होतं. सुवार्ताला मेसेज केला, व्हिडिओ आला का? नाही आला.

२६ ऑक्टो., रविवार
नाश्ता चालला होता तेवढ्यात आप्पा दारात. गिटार घेऊन, तोंड फुगवून. मानेवर निळ्या बॉलपेनाच्या खुणा!
"पाडव्याला तासभर वाजवली. ह्ये बघ, हितं टोचती. हितं जाड लागती. आन् पाचव्या पडद्यापाशी तर तू कामच केलं न्हाईस. हात राखून केलंस व्हय गं?"
"पॉलिशवर कुणी पेन चालवतं का आप्पा? सोळा वर्षं काय शिकलात?"
"तू काय शिकलीस त्ये सांग आदी!"
पाव तास भांडलो. ह्यांनी पोह्यांची बशी पुढे केली ती कुणी घेईना. मला भरून आलं होतं आणि भांडणही सोडवत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसानं माझ्या कामाला नाव ठेवलं. इतका आनंद मला कुठल्या कौतुकानं झाला नव्हता.

मग खरं ते सांगितलं. पाचव्या पडद्याखाली कदाचित कागदाएवढंच लाकूड उरलंय. मोडू शकते.
"मोडली तर?" मीच विचारलं.
"मोडली तर रोज येऊन शिव्या घालंन. तू खरवड, मी वाजवून सांगतो."
उद्या नऊला येणार आहेत. इथे माझ्या कारखान्यात समोर बसणार, चार हात झाले की वाजवणार, मग पुढचे चार. असं काम मी आजवर कधी केलं नाही. पट्टीला धार लावून ठेवली.

जाताना दारातून म्हणाले, ती काळी गिटार कालच नातीला दिली, ती पुण्याला घेऊन गेली. म्हणजे आता त्यांच्याकडे वाजवायला हीच.