अकरा पट्ट्या

कुंभकोणम्,
६ जानेवारी २०२५

ती. विजयलक्ष्मी आत्यांस,
भुवनेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

येथे अप्पा, अम्मा व मी कुशल. फोनवर तुम्हांस ऐकू येत नाही आणि मोबाईलवर लिहिलेले तुम्ही पत्र मानीत नाही, म्हणून कागद घेतला.

बारावीनंतर विज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्या मुलांस एक शिष्यवृत्ती मिळते. पाच वर्षांचे शिक्षण, शिवाय दर उन्हाळ्यात मोठ्या प्रयोगशाळेत काम. साऱ्या देशातून साठजण घेतात. अर्जासोबत स्वतः केलेल्या एका प्रयोगाविषयी लिहायचे आहे. अप्पांच्या भांड्यांच्या दुकानातून पितळी पत्र्याचे तुकडे आणून मी चाळीस पट्ट्या कापल्या व तीन विहिरींच्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेविल्या. कावेरीकाठच्या विहिरीचे पाणी पितळ लवकर काळे करिते, असा माझा अंदाज होता. एकोणतीस पट्ट्यांनी तसेच दाखविले, अकरांनी उलट. का, ते मज कळले नाही. पितळेचे पत्रे वेगवेगळे असावेत.

अप्पांस हे पसंत नाही. त्यांनी कंप्यूटर कोर्सचा फॉर्म आणून ठेविला आहे. मुलींचे संशोधन अर्ध्यावर सुटते, तुमचे झाले ते पाहिले आहे, असे अम्मास म्हणत होते. मसुदा सोबत धाडिते. तपासून द्या, मुदत महिनाअखेर आहे.

माया असू द्यावी.
तुमची
भुवना

पुणे,
१५ जानेवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस,
विजयलक्ष्मीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं 'करिते' आणि 'ठेविल्या' वाचून शेजारची जयश्री हसली. मला विचारत होती, भाची कुठल्या शतकात राहते. मी म्हटलं, आमची कावेरीकाठची मराठी अशीच, चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आले तेव्हा मीही तिथूनच आले होते.

मसुदा चांगला आहे, तुझ्या वयात मला असा सुचला नसता. तो लाल शाईनं दुरुस्त करून पाठवते आहे. अकरा पट्ट्यांचा परिच्छेद पूर्ण काढलाय. एकोणतीसच पट्ट्या होत्या असं लिही, आलेख सरळ येईल. बिघडलेली निरीक्षणं सगळेच गाळतात, त्यात खोटं काही नाही. हजारो अर्ज वाचणाऱ्यांना तुझ्या शंकांसाठी वेळ नसतो. तुझ्या अप्पांना, रामलिंगाला, मी वेगळं लिहीन. पोरीला अडवू नकोस म्हणून सांगते त्याला.

जेवणाकडे लक्ष दे, आणि या म्हातारीची आठवण ठेव.
तुझी
आत्या

कुंभकोणम्,
२८ एप्रिल २०२५

ती. आत्यांस शि. सा. न.

इतके दिवस लिहिले नाही, कारण लिहायचे धैर्य नव्हते. तुम्ही काढलेला परिच्छेद मी परत घातला आणि अर्ज तसाच धाडिला. तुम्ही सांगितल्यावरून काढलेला आलेख फार सुंदर होता. पण तो पाहिला की त्या अकरा पट्ट्या कोठे ठेवू ते सुचत नसे.

मुलाखतीस बोलावणे आले. अप्पा दुकान बंद करून मजबरोबर चेन्नईस आले. तिघे परीक्षक होते, आणि तिघांनी त्या अकरांखेरीज दुसरे काही विचारिले नाही. एक गृहस्थ म्हणाले की मग या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही. मी होय म्हटले. एका बाईंनी पुढे काय करशील असे विचारिले. एकाच पत्र्यातून पट्ट्या कापीन, असे मी सांगितले. त्या पत्र्यात तांबे किती, जस्त किती हे कसे ओळखशील, असे त्यांनी विचारिले, तेव्हा ते मज ठाऊक नाही, असे मी सांगितले.

काल यादी लागली. माझे नाव नाही. तुमचे ऐकले असते तर बरे झाले असते काय, हे राहून राहून मनात येते. तुम्ही रागावला असाल. मुलाखतीहून परतताना अप्पांनी गाडीत मज दोनदा कॉफी घेऊन दिली होती.

राग सरला की दोन ओळी लिहाव्या.
भुवना

पुणे,
६ मे २०२५

चि. भुवनास अनेक आशीर्वाद.

रागावण्याचा हक्क तुझा आहे, बाळ. मी लग्नासाठी संशोधन सोडलं, असं तुझे अप्पा समजतात. मीच तसं सांगितलं होतं. खरं असं, की माझ्या पहिल्या निबंधात नऊ निरीक्षणं जुळत नव्हती. ती मी गाळली. कोणी सांगितलं नव्हतं. निबंध छापून आला, कौतुकही झालं. वर्षभरानं म्हैसूरहून नंदिता नावाच्या मुलीचं पत्र आलं. तोच प्रयोग तिनं चार वेळा केला होता, तिला माझं उत्तर मिळत नव्हतं, आपलं काय चुकतंय असं ती मला विचारत होती. मी तिला उत्तर दिलं नाही. त्यानंतर प्रयोगशाळेत माझा हात चालेना. कॉलेजात शिकवायला लागले.

आणि तरीही तुला तेच करायला सांगितलं. तू वर यावंस म्हणून सांगितलं, पण सांगितलं हे खरं.

तुझं पत्र आल्यावर नंदिताचा पत्ता शोधून काढला. तीही आता निवृत्त झाली आहे. तिला लिहायला बसलेय. चार दिवसांत तीन वाक्यं झाली आहेत.

मला माफ करता आलं तर कर.
आत्या

कुंभकोणम्,
१२ जून २०२५

ती. आत्यांस शि. सा. न.

तुमचे पत्र मी कोणास दाखविले नाही. माफीचे मजपाशी विचारू नये, मज रडू येते. नंदिताबाईंस चौथे वाक्य लिहावे.

काल येथल्या सरकारी कॉलेजात प्रवेशाचा दिवस होता. अप्पा आपणहून बरोबर निघाले. वाटेत कंप्यूटरचा विषय काढतील अशी मज धास्ती होती. माझे गुण पाहून तेथल्या प्राध्यापकांनी विचारिले, की इतके चांगले गुण असता ही केमिस्ट्रीच का घेते. मी तोंड उघडायच्या आत अप्पांनीच सांगितले, की मुलीची एक शंका फिटायची राहिली आहे, ती फिटेपर्यंत तिला हेच शिकू द्यावे.

सोमवारी कॉलेज सुरू होते. तुमचा आशीर्वाद पाठीशी असावा.
तुमची
भुवना