भगवानरावांसाठी पत्ता

२२ ऑक्टोबर २०१७, जानेफळ

सुचिता आली आहे. दिवाळीसाठी माहेरी. लग्नानंतर आज पहिल्यांदा तिला समोरासमोर पाहिलं. बारीक झाली आहे.

गिरणीपाशी भेटली, दळणाचा डबा घेऊन उभी होती. दीड वर्ष मनात किती काय काय घोकून ठेवलं होतं, आणि तोंडातून निघालं काय? — "बरी आहेस?"

ती म्हणाली, "गोकुळ, एक काम होतं. तूच करशील असं वाटते. दारू सोडवाचा दवाखाना पाह्यजे. आपल्या जिल्ह्यातच. पुणे-मुंबई नको."

"कोणासाठी?"

गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्यातल्याच माणसासाठी. तू सोता जाऊन पाय. नुसतं फोनवर इचारू नको. माणसं कशी हायेत, पेशंटले मारत-बिरत नाईत ना, ते पाय."

तिचं पीठ दळून झालं. डबा उचलून गेली.

म्हणजे भगवानराव पितो! सुलतानपूरचा कृषी सेवा केंद्रवाला, तिच्या बापाने अर्ध्या तासात पसंत केलेला, लग्नात बुटाला धूळ लागू न देणारा भगवानराव! खरं लिहितो — आनंद झाला. मग लाज वाटली. संध्याकाळी बस स्टँडमागे जाऊन एक क्वार्टर घेतली. आनंदाची की लाजेची, ते ठरवलं नाही.

२४ ऑक्टोबर

ती गेली. न्यायला दीर आला होता. नवरा पडला असेल कुठेतरी.

२६ ऑक्टोबर

मोबाइलवर शोधलं. 'जवळचं व्यसनमुक्ती केंद्र' टाकलं तर पुण्याचे पत्ते आले, नाशिकचे आले. फोटोत हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, हसणारी माणसं. आपल्याकडचा माणूस त्या खुर्चीत बसायलाही लाजेल. मेहकरच्या दवाखान्यात गेलो, तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, बुलढाण्याला इचारा. बुलढाण्यात कुठे, ते त्यालाही माहीत नाही.

शेवटी शाकिरकडे गेलो. त्याचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, दहा गावांची माणसं येतात. तो चेन बसवत होता.

"कोणासाठी बे?"

"आहे एक जण."

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेत पहिला आलो. "खरंच जातं का शोधाले?"

"हो."

"मंग मी येतो संग. गाडी माझी."

हा शाकिर! ज्याने कॉलेजात असताना मेहकरपर्यंत सोडायलाही कधी सुखाने हो म्हटलं नाही.

३० ऑक्टोबर

एक जागा पाहिली. कुठली ते लिहीत नाही, त्या रस्त्याचं नावही नको. मंगल कार्यालयाच्या मागे दोन खोल्या. शटरला बाहेरून कुलूप. आतून कोणीतरी थांबून थांबून पत्रा वाजवत होतं.

मालक पान खात म्हणाला, "पेशंटले तुमी आणाची गरजच नाई. नाव-गाव द्या, आमची पोट्टी उचलून आणतात. पयले आठ दिवस थोडा हात उचला लागते. मंग गाय होते त्याची."

मी डोळ्यासमोर आणलं — दुकानातून उचललेला भगवानराव. शर्टाची बटणं तुटलेली. सुलतानपूरचा सारा बाजार पाहतो आहे. मी कार्ड मागून घेतलं.

बाहेर आल्यावर शाकिरने ते माझ्या हातातून ओढलं आणि फाडलं.

"तुले असं उचललं असतं तर?"

"मला कशाला उचलतील?"

त्याने गाडीला लाथ मारल्यासारखी किक मारली.

सुचिताला फोनवर सांगितलं, ही जागा नाही. सांगायला जड गेलं, पण सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तू पाह्यलं."

तेवढ्या एका वाक्यावर दोन दिवस जगता येतं.

४ नोव्हेंबर

कपाशीच्या पऱ्हाटीवर गुलाबी अळी आहे. सगळ्याच शिवारात आहे. बाबा बोंड तोडतात, अंगठ्याने फोडतात, पाहतात, टाकून देतात. पुन्हा पुढचं बोंड. बीटी आली तेव्हा मी शाळेत होतो. बाबाच घरोघर सांगत फिरले होते — आता अळीचं भ्या नाई. लोक अजून त्यांना चिडवतात, "काय पंजाबराव, भ्या गेलं का?"

आज उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवायचं ठरलं होतं. ट्रॅक्टर येणार, त्याला वावर दाखवायला मी थांबायचं. उन्हात उभं राहून डोकं दुखायला लागलं म्हणून बाभळीखाली थोडी घेतली. थोडीच. डोळा लागला. ट्रॅक्टर आला, हाका मारून दुसऱ्याच्या वावरात गेला.

बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "राहू दे. मी मजूर सांगतो." मजूर! घरात चोवीस वर्षांचा पोरगा असताना. मी पाण्याची घागर लाथेने उडवली. बाबांनी ती उचलून सरळ ठेवली आणि पुन्हा बोंड फोडायला लागले.

कॉलेजातही हेच झालं होतं. हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही म्हणाले, आणि मी ऑफिसच्या खिडकीची काच फोडली. तो राग सुचिताच्या साखरपुड्याचा होता, सरांचा काही दोष नव्हता. पण काच कोणाची, हात कोणाचा! बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातच राहिली.

११ नोव्हेंबर

साखरखेर्ड्याकडे एक अन्नपूर्णाबाई आहेत. दारू सोडवण्याची पुडी देतात. शाकिर आला नाही. "असल्या पुड्यांनं माणूस मरते, सुटत नाई," म्हणाला. एसटीने एकटाच गेलो.

ओट्यावर पंधरा-वीस बाया. कोणी रडत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. रेशनच्या रांगेत उभं राहावं तशा. पुरुष मी एकटा. एक बाई सरकून जागा देत म्हणाली, "कोणासाठी बापा? बापासाठी?" मी म्हटलं, दोस्तासाठी. ती "हाव" म्हणाली. पुढे विचारलं नाही.

अन्नपूर्णाबाईंनी कागदात राखाडी पूड बांधली. "तुरीच्या वरणात टाकाची. पेणाराले सांगाचं नाई. सांगतलं का गुण गेला."

परत येताना सुचिताला फोन केला. ती एकदम तुटकपणे म्हणाली, "नाई. चोरून नाई. फेकून दे ते."

"नवऱ्याला सांगून कोण पुडी देतं?"

"गोकुळ, फेकून दे म्हणते न मी."

किती जीव आहे तिचा त्याच्यावर! मी पुडी फेकली नाही. शर्टाच्या खिशात तशीच राहिली.

१३ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही.

दुपारी स्टँडमागून घरी आलो. मायने ताट वाढलं. वरण-भात, भाकर, मिरचीचा ठेचा. काल ती समोर बसून वाढत होती. नेहमी वाढून निघून जाते. तिचा चेहरा कधी नव्हे तो हलका दिसत होता. म्हणाली, "वरण घे अजून." घेतलं.

अर्ध्या तासाने कान तापले. तोंड लाल झालं, छाती अशी उडायला लागली की आत कोणी पत्रा वाजवतं आहे. आडापाशी बसून ओकलो. पाणीही राहिना. माय पाठ चोळत होती आणि रडत होती. तेव्हा समजलं. शर्ट धुवायला घेतला होता तिने.

मी ओरडलो — काय काय ओरडलो ते लिहिणार नाही. ताट भिंतीवर मारलं. ती भात वेचता वेचता म्हणाली, "मले वाटलं, तूच आणली. सोतासाठी. सांगाले लाजत असशील, म्हणून मीच टाकली."

भगवानरावासाठी आणली होती, हे मला सांगता आलं नाही. तिच्या तोंडावरचं ते हलकेपण एकदा पाहिलं होतं. ते माझ्या हाताने कसं पुसू?

१४ नोव्हेंबर

घेतली नाही. पहाटेपासून हात थरथरतात. ती पुडीच विषारी होती, दुसरं काही नाही.

१५ नोव्हेंबर

घेतली.

२० नोव्हेंबर

सापडलं! बुलढाण्याला. शाकिरच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, त्याचा भाऊ तिथे राहून आला आहे. दहा खाटा. शटर नाही, फाटकाला कुलूप नाही. तीन माणसं ओसरीत बसून मेथी निवडत होती, एक जण पेपर मोठ्याने वाचून दाखवत होता. कोणी पळून जात नाही का, विचारलं तर म्हणाले, "जाते न. मंग चार दिवसानं सोताच येते. भूक लागते इथल्या बोलण्याची."

वामनराव म्हणून आहेत, समुपदेशक. स्वतः बारा वर्षं प्यायले, आता सोडून सतरा झाली. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात. एक फॉर्म काढला.

"पेशंट संग नाई?"

"नंतर आणतो. माहिती मी देतो."

विचारायला लागले. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात? — हो. लपवून ठेवतो का? — हो, कडब्यात. कामाच्या वेळी पिऊन झोपला असं झालं? — झालं. घरच्यांवर हात? — हात नाही. ताट, घागर, असं. दोन दिवस सोडून पाहिली? — एक दिवस. भूक? झोप? कधीपासून? — दीड वर्ष. रोज, असं एक वर्ष.

मी भराभर सांगत गेलो. कुठे अडलोच नाही. मग एकदम थांबलो. भगवानरावाला मी सकाळी कधी पाहिलंच नाही. त्याच्या घरात कडबा आहे की नाही, मला काय माहीत!

वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "लय जवळचे दिसतात तुमचे."

"अंदाजाने सांगितलं."

"अंदाज चांगला हाय तुमचा." फॉर्मवर नावाची जागा कोरी ठेवली. "नाव ते आल्यावर टाकू. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पेशंट सोताच्या पायानं यावा. अन् पयले दहा दिवस एक नातेवाईक संग राहाले पाह्यजे. नातेवाईक नसला का माणूस तिसऱ्या दिवशी पळते."

परत येताना शाकिर गाडी चालवताना गाणं गुणगुणत होता. मी मात्र मेहकरला उतरलो. घ्यायला.

२१ नोव्हेंबर

सुचिताला सगळं सांगितलं. दहा खाटा, मेथी, वामनराव, सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले कसं वाटलं तठी?"

"चांगलं आहे."

"तू राह्यला असता का तठी?"

"मी कशाला?"

"नाई, माणसं कशी हायेत ते समजाले इचारलं." मग म्हणाली, "सोमवारी जाऊ. यांच्याशी बोलते मी."

यांच्याशी! तो शब्द कानात खिळ्यासारखा बसला. वाईट विचार आला — त्याने नाहीच म्हणावं. पीत राहावं. एक दिवस ती माहेरी परत येईल, आणि मी गिरणीपाशी असेन. हे लिहिलं, आता खोडत नाही. मी कसा आहे ते एका तरी कागदाला माहीत असावं.

२५ नोव्हेंबर

तिचा फोन. "ते तयार हायेत. पिशवी भरून ठेवली. दुकान दहा दिवस दिराकडे. सोमवारी सकाळी जीप घेऊन ये. अन् गोकुळ, सकाळी घेऊन येऊ नको बरं. तेवढं ऐक माझं."

ठीक. त्या माणसाला दारू सोडायला न्यायचं आणि आपल्याच तोंडाचा वास, हे मलाही बरं दिसलं नसतं.

दिवसभर विचार केला. त्याने पिशवी भरली. स्वतः. कोणी न उचलता. सुलतानपूरच्या बाजारातून तो ती पिशवी घेऊन जीपपर्यंत चालत येईल. तेवढी हिंमत मला झाली असती का? पहिल्यांदाच त्या माणसाचा राग आला नाही.

माय मागे लागली आहे, गाडीत थंडी लागते, घोंगडी घेऊन जा. मी म्हटलं, एका दिवसासाठी घोंगडी कशाला. तरी घडी करून ठेवली.

२७ नोव्हेंबर, बुलढाणा

वामनरावांनी फॉर्म काढला आणि पेन भगवानरावापुढे केलं. तो मागे सरकला. म्हणाला, "मी संगचा माणूस हाय. दारूले आजवर शिवलो नाई." आणि माझ्याकडे पाहिलं. सुचिता खाली पाहत होती. शाकिर माझी घोंगडी छातीशी धरून दारात उभा.

खिडकीला काच होती. मी पाहिली. हात थरथरत होते, सकाळपासून घेतली नव्हती. फाटक उघडं होतं. कोणी अडवलं नाही. कोणी समजावलंही नाही. भगवानरावाने पिशवी दुसऱ्या खाटेखाली सरकवली, तिथे दहा दिवस राहायचं असल्यासारखी.

कोऱ्या जागेत मी माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

खाली सोबतच्या नातेवाईकाचं नाव. वामनरावांनी भगवानरावाचं नाव टाकलं. मग विचारलं, "नातं काय लिवू?"

शेवटी मीच सांगितलं.

"लिहा — दाजी. आमच्या सुचिताताईचे मालक."