चाळीस सेकंदांत चित्र

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेहेचाळीस. पुन्हा शेहेचाळीस! इंग्रजी टेस्टमधलं ऐकणं, वाचणं, लिहिणं सगळं पास झालं. बोलण्यात पन्नास हवेत आणि माझे शेहेचाळीस. हे यंत्र माझ्याशी वैर धरून आहे.

यंत्रच ते. समोर माणूस नसतो. पडद्यावर चित्र येतं, ते बघायला थोडा वेळ, मग कानात टुण्ण वाजतं आणि चाळीस सेकंदांत ते चित्र इंग्रजीत सांगायचं. मध्ये तीन सेकंद गप्प राहिलं की माईक बंद. मी शब्द शोधायला थांबतो. थांबणारच! टाइल हातात घेतल्यावर जो थांबत नाही तो कारागीर नव्हे.

एकोणीस एप्रिलला मला पंचेचाळीस पूर्ण. त्यानंतर इथे कायम राहण्याचा माझा अर्ज कुणी हातात धरणार नाही, आणि मग आम्ही तिघं सामान बांधून परत कोरियात, इंचॉनला. आमची लेक सोलबी इथे आली तेव्हा पहिलीत होती, आता अकरावीत आहे. कोरियन बोलते ती पाहुण्यासारखी. तिला तिथे नेऊन कुठल्या वर्गात बसवू?

बायकोने, मिह्यांगने, निकाल विचारला नाही. माझा चेहरा बघितला आणि भात वाढला. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, ओरडता आलं असतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

स्ट्रॅथफील्डचा क्लास. खाली खाटकाचं दुकान, वर प्यो सर. पडद्यावर मासळीबाजाराचं चित्र. सरांनी एकेकाला उठवलं आणि एकूणएक जण तेच बोलला — दिलेल्या चित्रातून अत्यंत उपयुक्त माहिती मिळते, यात सर्वात ठळक अमुक आहे, त्याखालोखाल तमुक आहे, एकंदरीत हे चित्र फार महत्त्वाचं आहे. गाळलेल्या जागी मासा घालायचा, टोपली घालायची. पुढचं चित्र पावसाच्या आकड्यांचं आलं. मासा काढला, पाऊस घातला. बाकी तेच!

माझी पाळी आली. मी छपराच्या रेघेपासून सुरुवात केली, मग मधला खांब, मग टोपल्या. एकूण अकरा, त्यांतल्या दोन रिकाम्या. तिथे वेळ संपली.

"कूसाहेब," सर म्हणाले, "चित्र सांगताय की बाथरूमचं माप घेताय?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "जे दिसतं ते सांगायचंच नाही, तर चित्र दाखवतात कशाला?"

"अहो, यंत्राला डोळे कुठे आहेत? त्याला एवढंच कळतं की तुम्ही थांबलात."

याला मास्तर म्हणायचं! काही लोक टाइलला मागून सिमेंटच्या मसाल्याचे चार ठिपके लावतात आणि भिंतीला चिकटवून मोकळे होतात. वरून चकचकीत. बोटाने वाजवलं की आत पोकळ. अशा किती भिंती मी फोडून पुन्हा केल्या आहेत. मला इंग्रजी कुणी शिकवलं नाही. पोत्यांवरच्या सूचना वाचून आणि व्हॅनमधला रेडिओ ऐकून शिकलो. जेवढं आहे तेवढं भरीव आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

घरी सराव. खाटकाचं कॅलेंडर, दुकानांची जाहिरातपत्रकं, जे मिळेल ते. मिह्यांग चित्र माझ्याकडे तोंड करून छातीशी धरते, तिच्याकडे त्याची पाठ. हा तिचाच नियम. "मला दिसत नाहीये. तुम्ही सांगा, मला दिसलं तर ते बरोबर." तिचं इंग्रजी ते किती! रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात ऑर्डरी समजण्यापुरतं. पण बसते समोर, मोबाईलवर चाळीस सेकंद लावून.

मी टाइलच्याच रीतीने जातो. आधी लेव्हल, मग मधली रेघ, मधून बाहेर, कडा सगळ्यात शेवटी. कडेपासून जो सुरुवात करतो त्याचं काम दाराशी येऊन वाकडं होतं.

आज समुद्रकिनारा होता. क्षितिज सांगितलं, धक्का सांगितला, धक्क्याचे खांब सांगितले.

"माणसं नाहीत का?" तिने विचारलं.

"आहेत. कडेला आहेत. अजून तिथवर आलो नाही."

"वेळ झाली."

दहा चित्रं केली. दहाही वेळा तिला माणसंच हवी होती. शेवटी मी ओरडलो. तिने कॅलेंडर भिंतीवर परत लावलं. तिरकं. मी सरळ केलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आमचं कोरियन नवीन वर्ष. संध्याकाळी बोंगहाकदादा जेवायला आले. माझा कामावरचा जोडीदार, वयाने मोठा, जिभेला हाड नाही. मिह्यांगने भाताच्या वड्यांचं सूप केलं होतं. मी वाटी तोंडाला लावणार तेवढ्यात दादा म्हणाले, "जोंगमान, ठेव ती खाली. हे सूप खाल्लं की वय एकाने वाढतं. तुला परवडायचं नाही."

सोलबी इतकी हसली की तिला ठसका लागला. कित्येक दिवसांनी हसली माझ्यासमोर.

मिह्यांगने माझी वाटी उचलली आणि आपल्या वाटीत ओतली. "मला परवडतं. मी एक्केचाळीसचीच आहे." मग तशीच पुढे बोलली, "रेस्टॉरंटच्या मालकीणबाई परत म्हणत होत्या. त्यांना पक्की स्वयंपाकीण हवीच आहे. माझ्या नावाने अर्ज केला तर त्या सही देतील. माझं स्वयंपाकाचं सरकारी प्रमाणपत्रही आहे. फक्त टेस्ट —"

मी म्हटलं, "या घराचा अर्ज तव्यावर भाजून निघणार नाही."

दादा आपल्या पेल्यात बघत बसले. सोलबी उठून गेली. मिह्यांग सूप प्यायली, सगळं. मला तिने फक्त मोदकांसारखे मांडू वाढले, सूप नाही. भूक मोडली होती तरी खाल्ले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

प्यो सरांचा साचा पाठ केला. तोंडात वाळू.

२५ फेब्रुवारी, बुधवार

बर्वूडच्या कामावर गुडघे टेकून टाइल बसवताना साचा घोकत होतो. दादा दुसऱ्या भिंतीला. म्हणाले, "मुकादम, या भिंतीतून अत्यंत उपयुक्त माहिती मिळते का?" दिवसभर तेच. दुपारी डबा उघडला तर, "यात सर्वात ठळक मुळा आहे, त्याखालोखाल अंडं."

मी थापी आपटली. मग ते गंभीर झाले. "अरे, खोटं बोल ना चाळीस सेकंद. पोरीसाठी बोल. मी लग्नात याहून जास्त वेळ बोललो होतो."

७ मार्च, शनिवार

टेस्ट झाली. साचा तयार होता, ओठांवर होता. पहिली चित्रं तशी गेली. मासा काढला, आकडा घातला. अंगावर काटा येत होता, पण यंत्र ऐकत होतं.

मग शेवटचं आलं. स्टेशनचा दगडी जिना, एका कडेला पडलेला म्हातारा, त्याच्या पिशवीतली संत्री पायऱ्यांवरून घरंगळलेली. खरं चित्र. असल्या चित्राला 'अत्यंत उपयुक्त माहिती' म्हणायचं? मला नाही जमलं. मी माझ्या रीतीने निघालो. पायऱ्या किती, कठडा कुठे, उजेड कुठून. म्हाताऱ्यापर्यंत आलो आणि 'घरंगळणं'ला इंग्रजी शब्द सापडेना. सापडेना म्हणजे सापडेना. माईक बंद!

घरी आल्यावर मिह्यांगला चित्र सांगितलं, कोरियनमध्ये.

ती म्हणाली, "आणि त्याला शेवटी ठेवलंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचाच मला राग आला.

१२ मार्च, गुरुवार

चव्वेचाळीस. कमी झाले!

कॅलेंडर फाडलं. सोलबीने दार लावून घेतलं. आतून कुणाशी तरी बोलत होती, इंग्रजीत, भराभर. मला सगळं कळत होतं. ती मैत्रिणीला सांगत होती की पुढच्या वर्षाच्या सहलीत माझं नाव आत्ताच घालू नका.

मी टेबलाशी बसून राहिलो. मिह्यांग भांडी घासत होती, पाठ माझ्याकडे. आणि तशीच, पाण्याच्या आवाजात, इंग्रजीत बोलायला लागली. एक म्हातारा पडला आहे. त्याची संत्री खाली पळत आहेत. लोक बघत आहेत, एक बाई वाकली आहे. जिना दगडाचा आहे, खूप जुना. सकाळ असावी.

कुठे थांबली नाही. जिथे शब्द नव्हता तिथे दुसरा टाकला आणि पुढे गेली. 'संत्री पळत आहेत'! तिने चित्र बघितलेलं नाही, माझ्याकडून ऐकलेलं. मी सात चुका मोजल्या आणि सातही सांगितल्या.

तिने नळ बंद केला. "हो. पण तो म्हातारा तुम्हाला दिसला की नाही?"

चित्र माझं होतं.

१९ मार्च, गुरुवार

प्यो सरांचा फोन. एप्रिलआधी आता तारीख मिळणं अवघड, पण प्रयत्न करतो म्हणाले. मग खाकरून, "बाईसाहेबांचं वय काय हो?"

मी म्हटलं, "तुम्ही क्लास चालवता की लग्नं जमवता?"

फोन ठेवल्यावर बघितलं तर मिह्यांग दारात उभी होती. सरांनी काय विचारलं ते मी तिला सांगितलं नाही.

२८ मार्च, शनिवार

दुपारी काम लवकर संपलं. तिला आणायला रेस्टॉरंटवर गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "ती आज सुट्टीवर आहे ना, तुम्हाला माहीत नाही?" वर मला किमचीचा डबा दिला. डबा हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिलो. इथल्या दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

ती संध्याकाळी आली. चांगला कोट घातलेला. सोलबीबरोबर. दोघी जिन्यातच बोलायच्या थांबल्या.

"कुठे होतीस?"

"कामात होते."

मी डबा टेबलावर ठेवला. तिने तो बघितला. मला कळलं हे तिला कळलं. तरी कोट काढायला आत गेली. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. विचारणारा मी नव्हे.

३० मार्च, सोमवार

किमचीचा डबा अजून टेबलावर तसाच.

१ एप्रिल, बुधवार

सकाळी तिने मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला. आधी वाटलं प्यो सरांनी माझी तारीख कळवली. टेस्टचा निकाल होता. नाव वाचलं, तिचं माहेरच्या आडनावाचं. नो मिह्यांग. बाकी सगळं पास. बोलणं : अठ्ठावन्न.

सोलबी श्वास रोखून उभी. बराच वेळ मला शब्द सापडेना. इथे कुणी माईक बंद केला नाही, दोघी थांबल्या.

शेवटी एवढंच विचारलं, "चित्रात माणूस होता?"

"होता," ती म्हणाली. "अगदी कडेला. गुडघे टेकून काम करत होता. त्याच्यापासूनच सुरुवात केली."