शुभाची चावी

मुलुंड (पूर्व)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय देवव्रत,

सप्रेम नमस्कार. बोरिवलीला सगळे मजेत असाल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण भाजी आणण्यापुरता चालतो.

दोन वर्षांनी पत्र, तेही कागदावर, म्हणून दचकू नकोस. काम आहे. आमच्या बिटकॉइनच्या पेटीच्या चाव्या बदलायच्या आहेत. एक माझी, एक शुभाची, एक तुझी, आणि कुठल्याही दोन लागल्याशिवाय पेटी उघडत नाही. शुभाची चावी सध्या वापरता येण्यासारखी नाही, म्हणून तुझ्या चावीची सही लागेल. दहा मिनिटांचं काम आहे.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

तीन चाव्यांची युक्ती तुझीच. सासऱ्यांचे पैसे पतपेढीत बुडाले तेव्हा मी निवृत्तीचे पैसे बिटकॉइनमध्ये घातले आणि चावी एकट्याच्या मुठीत धरून बसलो. बँक नको, मॅनेजर नको, कुणापुढे अर्ज नको. आरे कॉलनीत रविवारी फिरताना तू म्हणालास, "अरे नंद्या, बत्तीस वर्षं लॉकरला बसलास ना? एका चावीनं कधी लॉकर उघडलायस का?" आपण दोघांनी बँकेच्या एकाच शाखेत जन्म काढलेला, त्यामुळे लगेच पटलं. शुभालाही पटलं. बिटकॉइनमधली तिला पटलेली ती एकच गोष्ट.

मग घाटकोपरची ती बिटकॉइनवाल्यांची सभा. तुझी गंधाली कॅनडाला गेल्यावर तू तिचं सातव्या वर्षी काढलेलं चित्र फी भरून बिटकॉइनच्या साखळीत कायमचं नोंदवलं होतंस, आणि सगळ्यांना फोनवर दाखवत फिरत होतास. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ही साखळी पैशासाठी आहे, तुम्ही लोकांनी तिचा देवनारचा उकिरडा करून ठेवलाय, तुमचा कचरा जगानं आपापल्या घरी का साठवायचा? तू शांतपणे म्हणालास, "फी भरली, नियमात बसलं, नोंद झाली. तुला वॉचमन कोणी नेमला रे?" लोक हसले. माझं डोकं फिरलं आणि मी ते बोललो.

तोच वाद आता पुन्हा जगभर पेटलाय, तू वाचत असशीलच. माझं मत बदललेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणशील म्हातारा विरघळला.

त्या दिवशी घरी आल्यावर शुभा म्हणाली, "स्वतःच्या पैशाला कुणाची परवानगी नको म्हणता, आणि भावजींच्या चित्राला मात्र तुमची हवी?" मी तुझी चावी काढून टाकायला निघालो होतो. त्याला माझी आणि तिची अशा दोन सह्या लागणार होत्या. ती म्हणाली, "भावजींना काढायला माझी सही मिळायची नाही. जा, भांडण मिटवून या." मी गेलो नाही आणि तिनं सही केली नाही. त्यावरून आम्ही वर्षभर टोमणे मारत होतो. मजेत होतो रे आम्ही.

देवव्रत, शुभा गेली. तीन फेब्रुवारीला. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता.

सात महिने तुला कळवलं नाही. तू येणार नाहीस अशी भीती वाटली. नुसता न आलेला देवव्रत मला झेपला असता. शुभासाठीसुद्धा न आलेला झेपला नसता.

घरात आता आवाज असा माझ्या नोडचाच. साखळीची सगळी नोंद साठवणारा, शोकेसवर ठेवलेला तो डबा जगभरच्या हजारो यंत्रांशी रात्रंदिवस बोलतो. माझ्याशी पोळ्या करायला येणाऱ्या सोनूबाई बोलतात, त्याही "मीठ संपलंय" एवढंच. गॅसचं बुकिंग शुभाच्या नंबरवर आहे. सिलिंडर आला की कोड तिच्या फोनवर येतो, म्हणून तो फोन चार्ज करून ठेवतो. नंबर बदलून घेता येईल. घेत नाही.

आता खरं सांगतो. वर चावीबद्दल जे लिहिलं ते खोटं आहे. शुभाची चावी व्यवस्थित चालते. हॉस्पिटलमध्ये तिनं स्वतःच ती उघडायचा गुप्त आकडा सांगितला. म्हणाली, "दोन्ही चाव्या तुमच्याच झाल्या. आता तुम्हाला कुणाचीच गरज नाही." रागावून म्हणाली असती तर भांडलो असतो. तिला माझी दया आली होती.

ऑगस्टमध्ये एके दुपारी दोन्ही चाव्यांची यंत्रं टेबलावर घेऊन बसलो. तुझी चावी वगळण्याची सगळी तयारी केली, माझी सही झाली, तिच्या यंत्रानं विचारलं, नक्की? ज्या गोष्टीला ती जिवंतपणी नाही म्हणाली, तिला मी तिच्या नावानं हो म्हणायला निघालो होतो. यंत्र बंद केलं. माझा पैसा, माझ्या चाव्या, मध्ये कुणी नाही, हे मी लोकांना ओरडून सांगत आलो. आणि खरंच मध्ये कुणी नव्हतं. आजूबाजूलाही नव्हतं.

घाटकोपरला मी जे बोललो ते तुला पाठ असेल, तरी लिहितो. "मुलगी फोन करत नाही, त्याची भरपाई आम्ही का करायची?" चाळीस माणसांसमोर. तू फोन खिशात ठेवलास आणि निघून गेलास. चूक झाली माझी. वादात मी बरोबर असेन, पण त्या वाक्यात नीच होतो. मला माफ कर.

या पाकिटात शुभाची चावी आहे, काड्यापेटीएवढी. तिचा आकडा ४०७१९२. असा आकडा पत्रात लिहायचा नसतो, हे मीच लोकांना शिकवत असे. तुझ्याकडची एक आणि ही एक, दोन झाल्या. आजपासून पेटी तू एकटा उघडू शकतोस. मी नाही.

मला पैसे लागतील तेव्हा तुझ्याकडे यावं लागेल. तू नाही म्हणालास तरी माझं काही चालणार नाही. यायचा रस्ता मला ठाऊक आहे, फक्त दार उघड.

तुझ्यावाचून आता खरोखर अडलेला,
नंद्या