किल्ली कुणाची

रविवार, १२ तारीख
दुपार

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. आमदारबाईंना अजून चालतात ना? आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. टीव्हीवर तुझं विधानसभेतलं भाषण लागलं तेव्हा मात्र सगळ्या शेजारणींना गोळा करून आणलं तिने.

आमच्या शिलाई विभागात आम्ही ते जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिलं. "आम्हा कामगार बायकांना संडासाची किल्लीसुद्धा सुपरवायझरकडे मागावी लागते," म्हणालीस, आणि आवाज कापला तुझा. छान कापला. हातातलं घड्याळही छान दिसत होतं.

पण "आम्हा" कसं गं म्हणालीस? तुझ्या घरात माणसांपेक्षा संडास जास्त! किल्लीचं मीच सांगितलं होतं, तुझ्याच टेबलावर. तेव्हा "शी, जेवताना काय!" म्हणाली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघालं. त्यासाठी मी वर्षानुवर्षं अर्ज केले, गेटवर बसले, पगारवाढ घालवली. तू चार मिनिटं बोललीस. बायका नाचल्या. मीही टाळ्या वाजवल्या आणि त्याच उघड्या संडासात जाऊन रडले. आनंदाने नाही, जळून.

तुला कुणी सांगितलं नसेल, तिकीट मागायला आधी मी गेले होते. अध्यक्षांनी चहा पाजला. "ताई, तुमचं काम मोठं आहे. पण खर्चाचं काय?" मग तेच म्हणाले, "तुमच्या बहिणीचे यजमान बिल्डर ना?" पुढचं तुला ठाऊक आहे. तुमच्या त्या सभागृहात शिवणारी एक नाही, सगळे शिवून घेणारे. मी मत कुणाला दिलं ते मात्र विचारू नकोस.

पुढच्या भाषणासाठी मुद्दे पाठवा, असा तुझ्या सेक्रेटरीचा निरोप आला. पाठवणार नव्हते. पण रात्रपाळीच्या पोरी अंधारातून चालत घरी जातात, आणि तू बोललीस तर कंपनीची गाडी सुरू होईल. मी बोलून होणार नाही. हेच तर सलतं. म्हणून सोबतचा कागद.

फक्त "आम्ही" म्हणू नकोस. "माझी ताई म्हणते," असं म्हण, सगळ्यांसमोर. आणि पुढच्या निवडणुकीला मी उभी राहणार आहे, तुझ्याविरुद्ध. आपटेन, ते मलाही कळतं. तोवर माझे शब्द जपून वापर, उसने दिलेत.

आमच्यातली एक,
आणि तरीही तुझी,
ताई