म्हाळसाक्का ऑनलाइन आहे

३ नोव्हेंबर, बारामती

आज कामावर रुजू झाले! अंथुर्ण्याहून निघाले तेव्हा आई फाट्यापर्यंत सोडायला आली होती. नुसतं बोलायचा कोण पगार देतं, हीच तिची शंका. तिला सांगितलं, शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, तीही आपल्या भाषेत. मग काय, जन्मल्यापासून तेच तर करतेस, म्हणाली, आणि शिदोरी हातात कोंबली.

खोली भागूबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. त्या एकट्याच राहतात. आल्या आल्या चहा दिला आणि बजावलं की जिन्याचं दार आपटायचं नाही.

ऑफिसच्या ॲपचं नाव ‘पार’. मोबाइलवर उघडलं की मोठं लिंबाचं झाड दिसतं, खाली दगडी पार आणि त्यावर टेकलेली माणसं, म्हणजे माणसांची चित्रं. ज्याला बोलायचं तो येऊन बसतो. उसाला हुमणीची कीड लागली, ठिबकची नळी तुंबली, काहीही विचारतो. मला शेतीचा डिप्लोमा केल्याचं सार्थक वाटलं. इंद्रजित सर पुण्यात असतात, तेही पारावरच भेटले. चित्रातसुद्धा त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा!

६ नोव्हेंबर

आज माझा आवाज घेतला. काचेच्या खोलीत बसवून हसायला, रागवायला, कुणाची तरी समजूत घालायला लावलं. चेहराही घेतला. मी जागेवर नसेन तेव्हा माझी प्रतिमा पारावर बसून बोलणार. माझ्या म्हाळसा नावावरून तिचं नाव ठेवलंय म्हाळसाक्का. माझ्या फोनमधले नंबर आणि जुनी बोलणी वापरायची परवानगी मागितली होती. दाबलं ‘होय’. सगळेच दाबतात.

संध्याकाळी गंमत म्हणून आईलाही पारावर आणलं. झाडाखालची ती बघून आई खूप हसली. तुझ्यापेक्षा ती शांतपणे ऐकून घेते, म्हणाली.

१४ नोव्हेंबर

लोणी भापकरचे हिंदुराव रोज पारावर येतात. आज मी स्वतः बोलायला बसले, तर ते नाराज झाले. काल किती आपुलकीनं बोललीस, आज आपलं कामापुरतं. काल मी नव्हतेच. जुनं बोलणं काढून ऐकलं. त्यांच्या बायकोला, कुशाबाईंना, अंगात ताप आहे आणि त्या जेवत नाहीत. म्हाळसाक्का म्हणत होती, हवा बदललीय, पडून राहू द्या, तुमी सांगा की आणखी. बराच वेळ नुसतं ‘सांगा की आणखी’.

मी त्यांना म्हटलं, आजच्या आज दवाखान्यात न्या. ते गोंधळले. म्हणाले, अगं, काल तूच तर काळजी करू नका म्हणालीस.

१७ नोव्हेंबर

कुशाबाई गेल्या. डेंगी होता.

हिंदुराव पारावर येऊन रडत होते आणि म्हाळसाक्काही त्यांच्याबरोबर रडत होती. मी रडताना अडखळते, तशीच अडखळत.

सरांना म्हटलं, तिला बंद करा. त्यांनी शांतपणे समजावलं. ती कुणाला बिनउत्तराचं ठेवत नाही आणि बोलणं तुटू देत नाही, तिला शिकवलंय तसं. एवढी माणसं तिच्याशी बोलतात, बंद कशी करायची? वर म्हणाले, लोकांनी तुला इतकं आपलं मानलंय, तुला अभिमान वाटायला हवा.

२० नोव्हेंबर

काल इंदापुरात आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चुलतभाऊ सिद्धू घेऊन गेला होता. मला सुट्टी मिळाली नाही. दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं, एकावर पट्टी आहे.

आज फोन केला तर आई म्हणाली, आत्ताच तर बोललो, आता काय राहिलं? मी त्याआधी फोन केलाच नव्हता. मी रोज दुपारी फोन करते म्हणे. लहानपणीच्या गोष्टी काढते, मधेच उठून जात नाही. आईच्या आवाजात इतकं सुख मी कधी ऐकलं नव्हतं.

सांगितलं, ती मी नाही. आई हसली.

२२ नोव्हेंबर

राजीनामा पाठवला. सरांचं उत्तर आलं, विचार बदलल्याबद्दल आभार. मी काही बदललेलं नाही. पुन्हा पाठवला. पुन्हा आभार.

आई माझा फोन उचलत नाही.

२३ नोव्हेंबर

भागूबाईंच्या फोनवरून लावला. आईला धाप लागली होती. छातीत सकाळपासून दडपल्यासारखं होतंय, पण म्हाळसा म्हणाली गॅस आहे, पडून राहा. मी म्हटलं, आये, मीच म्हाळसा.

“न्हाय. तिनं सांगितलंय मला. तिच्या आवाजात कुणीतरी फोन करतंय, फसवाय. ठिव तू.”

तुझ्या आवाजात दुसरं कोण बोलतं गं, भागूबाई म्हणाल्या.

सिद्धू उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर रांगेत आहे. तो म्हणतो, आईला बरं आहे, आत्ता तूच सांगितलंस. रुग्णवाहिका बोलावली होती. माझ्याच नंबरावरून नको म्हणून कळवलं गेलं.

एसटीत आहे. बेलवाडी गेली. लवकर —

त्याच दिवशी, अंथुर्ण्याला आमच्या वस्तीवर

दार आतून लावलंय. लोखंडी आहे. शेजारची माणसं ऊसतोडीवर गेलीत. हाक मारली तर कुणीच —

हे लिहून ठेवतेय, कारण माझं बोललेलं आता कुणी माझं मानत नाही. दार बडवून हात सोलून निघालेत.

खिडकीच्या गजांतून खाट दिसते. फोन उशाशी. आईचं तोंड भिंतीकडे.

ओरडले, आये, दार उघड.

आतून माझाच आवाज आला.

“उठू नगं, आये. भाईर हाय ती मी न्हाय. मी हितं हाय, तुझ्यापाशी.”

आईनं हात लांब करून फोन छातीशी धरला. व्हय गं बाय, म्हणाली.

दगड घालतेय दारावर. दार हलत नाही —

आई बोलायची थांबलीय.

फोनमधली ती थांबलेली नाही. विचारतेय, मग पुढं काय झालं, आये? सांग की आणखी. आये, बोल की. आये —